दुःखी सहकाऱ्याशी कसं बोलावं

ताई ज्या कंपनीत होती ती दुसऱ्या कंपन्यांसाठी ऑनलाइन धडे बनवायची. मोठ्या कंपनीत हजारो माणसं असतात, सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून शिकवणं जमत नाही. मग ज्यानं त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर धडा उघडायचा, वाचायचा, ऐकायचा, शेवटी दोन-चार प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि नावापुढे ‘पूर्ण’ असं लिहून आलं की सुटायचं. आग लागली तर काय करावं, रजेचा अर्ज कसा भरावा, पासवर्ड कुणाला का सांगू नये, असले धडे. ताई ते लिहायची. टीममध्ये वयानं मोठी म्हणून सगळे तिला ताई म्हणत, आणि पुढे पुढे तर पगाराची पावती सोडली तर तिचं खरं नाव कुणी कुठे वापरेना.

पूर्वी एक धडा व्हायला सहा-सहा महिने लागत. ताई बसून सगळं लिहून काढायची, चित्रं व्हायची, आवाज भरला जायचा, आणि सगळं घेऊन ग्राहकाकडे गेलं की तो म्हणायचा, छान आहे, पण आम्हाला हे नको होतं. मग टीमवर नवा प्रमुख आला. त्याचं नाव लांबूनं पहिल्याच आठवड्यात कप्तान ठेवलं. लांबू म्हणजे टीमचा प्रोग्रॅमर, दारातून वाकून आत येणारा. कप्तानानं अजाइल नावाची पद्धत आणली. सॉफ्टवेअरवाले अशीच कामं करतात, आपण धडेही तसेच करू, असं त्याचं म्हणणं. दोन आठवड्यांत धड्याचा एक छोटा तुकडा करायचा, अर्धवट का असेना, ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्यापुढे ठेवायचा, ते कुठे अडखळतात ते बघायचं, दुरुस्त करायचं आणि पुढचा तुकडा घ्यायचा. भिंतीवर तीन रकाने आले: करायचं, चालू, झालं. त्यांत रंगीत कार्डं लागली. आणि रोज सकाळी भिंतीपुढे उभं राहून मीटिंग सुरू झाली. बसलं की माणसं पसरतात म्हणून उभ्यानं. कप्तान प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचा. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय?

ताईला आधी हे अजिबात पटलं नाही. अर्धवट शिजलेलं पाहुण्यांना कोण वाढतं, असं ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. पण पहिल्याच खेपेला एका कारकुनानं तिच्या धड्यात ‘पुढे’ हे बटण शोधायला इतका वेळ लावला की तिला स्वतःलाच घाम फुटला. तिनं वर्षानुवर्षं धडे लिहिले होते, आणि माणूस ते वाचताना कसा दिसतो हे कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती कप्तानाच्या बाजूची झाली.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. बोलका माणूस. रस्त्यात कुणी भेटलं की आधी त्याच्या चष्म्याकडे बघायचा आणि मग त्याच्याकडे. घरात तिसऱ्या त्याच्या आई. मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःख करून झालं होतं. आता तिघं आपलं बरं चाललंय म्हणत राहत होती.

त्या वर्षी एका मोठ्या विमा कंपनीचं काम आलं. त्यांच्या एचआरच्या बाईंना एक धडा हवा होता: ज्याच्या घरचं कुणी गेलंय असा सहकारी कामावर परत आला की त्याच्याशी कसं बोलावं. माणसं काहीतरी भलतंच बोलून बसतात, तक्रारी येतात, असं त्या म्हणाल्या. ताईनं पुष्कळ वाचलं, मानसोपचाराच्या एका डॉक्टरशी बोलली, आणि पहिला तुकडा लिहिला. चित्रात टेबलाशी बसलेला एक माणूस, खाली चार वाक्यं, त्यातलं योग्य ते निवडायचं. ‘झालं ते झालं, आता कामात मन रमवा’ यावर बोट ठेवलं की लाल फुली यायची. ‘तुमच्या दुःखाची मला कल्पना करता येणार नाही, पण मी इथे आहे, काही लागलं तर सांगा’ यावर हिरवी खूण आणि एक गोड टुणकन आवाज.

तुकडा बाहेर जायच्या आधी तिनं तो घरी करून पाहिला. नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, तुझं कुणीतरी गेलंय, तू आज कामावर आलायस. त्यानं तोंड इतकं पाडलं की आई आतून हसत बाहेर आल्या. ताईनं गंभीर होऊन हिरव्या खुणेचं वाक्य म्हटलं.

तो म्हणाला, “म्हणजे लागलं तर मीच सांगायचं? माझंच कुणी गेलं आणि मीच लोकांना कामं वाटत बसायचं?”

“नीट कर ना रे,” ताई म्हणाली.

“नीटच करतोय. तुझ्या त्या दुःखी माणसाला नुसता चहा आणून ठेव. विचारू नकोस.”

तिनं हसून ते सोडून दिलं. वाक्य तसंच राहिलं. तुकडा विमा कंपनीतल्या पाच-सहा जणांनी करून पाहिला, सगळ्यांना आवडला, आणि कार्ड ‘झालं’मध्ये गेलं.

दुसरा तुकडा चालू होता तेव्हाची गोष्ट. उभ्या मीटिंगमध्ये कुणाचा ना कुणाचा फोन वाजायचा, म्हणून कप्तानानं दाराजवळ एक प्लॅस्टिकचा ट्रे ठेवला होता. मीटिंगपुरते सगळ्यांचे फोन आवाज बंद करून त्यात. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न, म्हणायचा. त्या दिवशी मीटिंग लांबली. चित्रातला माणूस फारच रडका दिसतो, असं लांबूचं म्हणणं होतं. चित्रं काढणारी मुलगी एरवी गरीब गाय, पण त्या दिवशी इरेला पेटली. रडका नाही, तो झोपला नाहीये नीट, असं म्हणाली. ताईला त्या वादाचं हसू येत होतं. मीटिंग संपली, तिनं ट्रेमधून फोन उचलला आणि पाहिलं तर आईंचे एकामागून एक चुकलेले फोन होते. शेवटचा शेजाऱ्यांचा. तिनं त्यांनाच उलट फोन लावला.

तिला दवाखान्यात कप्तानानंच गाडीतून नेलं. त्यानं तिला दारात सोडलं आणि गाडी लावायला गेला. तो परत येईपर्यंत ती आत गेली होती. नवरा गेला होता. कामावर जायला निघाला होता, मोजे घालायला खुर्चीत बसला आणि तिथेच छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, झटका इतका मोठा होता की आम्ही घरात बसलेले असतो तरी काही करू शकलो नसतो.

घरचं सगळं उरकलं. नणंद दुसऱ्या शहरातून आली, राहिली, गेली. मग घरात दोन बायका उरल्या. दोघी एकमेकींसमोर रडत नसत. ताईला वाटे, यांचा मुलगा गेलाय, आपण कसं रडायचं. आईंनाही बहुधा तसंच काही वाटत असावं. काही आठवड्यांनी आईच म्हणाल्या, तू जा कामावर, घरात बसून भिंतींकडे किती बघशील. ती गेली.

पहिल्या दिवशी लांबू तिच्या टेबलाशी आला. इतका उंच मुलगा, पण खांदे आखडून उभा. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. म्हणाला, “ताई, तुमच्या दुःखाची मला कल्पना करता येणार नाही. पण मी इथे आहे. काही लागलं तर सांगा.”

शब्दन् शब्द तिचा होता. ताईनं वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता, त्याचे डोळे भरले होते. ती नसताना त्यानं तो धडा शंभरदा चालवून पाहिला असणार, आणि आता वेळ आली तेव्हा त्याच्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. ती म्हणाली, धन्यवाद रे. त्याचे खांदे सैल पडले आणि तो जागेवर जाऊन बसला. दुपारपर्यंत चित्रकार मुलगी येऊन तेच थोडं फिरवून बोलून गेली. विमा कंपनीच्या एचआर बाईंचा फोन आला, त्यांचंही वाक्य तेच. ताईनं तिघांनाही धन्यवाद म्हटलं. टुणकन आवाज तेवढा झाला नाही.

कप्तानानं मात्र ते वाक्य म्हटलं नाही. हळूहळू सुरू करा, एवढंच म्हणाला, तेही भिंतीकडे बघत. तिची अवघड कार्डं त्यानं दुसऱ्यांना वाटली आणि तिच्याकडे शुद्धलेखन तपासायचं काम दिलं. सकाळच्या मीटिंगमध्ये तो प्रत्येकाला तिन्ही प्रश्न विचारी. ताईची पाळी आली की दोनच. काल काय केलं, आज काय करणार. मग पुढच्याकडे वळे. तिच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तिला वाटलं, विसरला असेल. मग रोजच तसं होऊ लागलं.

दोन आठवडे झाल्यावर आढाव्याची मीटिंग आली. पडद्यावर धडा सुरू झाला. टेबलाशी बसलेला माणूस, चार वाक्यं, हिरवी खूण. कप्तानानं रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काही म्हणायचंय?

ताई म्हणाली, “मी वापरून पाहिलं. चालत नाही.”

लांबू कानापर्यंत लाल झाला. ताईला त्याची कीव आली. ती म्हणाली, वाक्य वाईट नाही, बोलणाऱ्याचं मनही वाईट नव्हतं.

“पण ते ऐकलं की मला धन्यवाद म्हणावं लागतं. आणि मी धन्यवाद म्हटलं की समोरचा सुटतो. मी तिथंच असते.”

मग काय लिहायचं, असं कप्तानानं विचारलं. ताई म्हणाली, मला माहीत नाही. आपल्याला माहीत नसलं की आपण वापरणाऱ्यांना विचारतो, असं तूच शिकवलंस ना. त्यानं कार्ड ‘झालं’मधून काढून परत ‘चालू’मध्ये लावलं.

एचआर बाई आधी कुरकुरल्या. लोकांच्या जखमा उकरून काढायच्या का, म्हणाल्या. पण ज्यांना स्वतःहून यायचंय त्यांनी यावं, या अटीवर तयार झाल्या. ताईला वाटलं होतं दोन-तीन जण येतील. कितीतरी आले. विमा कंपनीच्या एका लहानशा खोलीत टेबलाच्या एका बाजूला ताई आणि चित्रकार मुलगी, दुसऱ्या बाजूला येईल तो माणूस. एका रोखपालाची आई गेली होती. तो म्हणाला, मला कुणी काही विचारू नये एवढंच वाटायचं. विचारलं की काउंटरवर रडू येईल याची भीती. एका शाखेत काम करणाऱ्या बाईंचा मुलगा गेला होता. त्या म्हणाल्या, दोन वर्षं झाली, या इमारतीत एकानंही त्याचं नाव घेतलेलं नाही, जणू मी कधी कुणाची आई नव्हतेच. एक हिशेबनीस होते, बायको गेलेले. त्यांच्याबरोबर एक सहकारी महिनाभर रोज बसस्टॉपपर्यंत चालत आला. फुटबॉलवर बोलायचा, आणि यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तेवढ्यावर मी तगलो, असं ते म्हणाले. तो सहकारी आता कुठे आहे, असं ताईनं विचारलं. नोकरी सोडून गेला, आणि तेव्हा मला त्याला काही सांगता आलं नाही, असं म्हणून ते उठले.

ताईनं आधी शाखेच्या बाईंच्या बोलण्यावरून तुकडा लिहिला: गेलेल्या माणसाबद्दल विचारा, त्याचं नाव घ्या. तो करून पाहताना रोखपाल मधेच उठून गेला. मग तिनं रोखपालाच्या बोलण्यावरून लिहिलं: विचारू नका, नेहमीसारखं वागा. शाखेच्या बाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि थंडपणे म्हणाल्या, हे तर आधीपासून सगळे करतातच, त्याला धडा कशाला? दर दोन आठवड्यांनी कार्ड ‘झालं’च्या रकान्यात जायचं आणि पुन्हा मागे यायचं. दुसरा कुठलाही धडा एवढ्या फेऱ्यांत घासूनपुसून लख्ख झाला असता. हा मात्र जागचा हलत नव्हता.

घरी आई मुलाच्या आठवणी भरभरून सांगत, लहानपणच्या, शाळेतल्या, पहिल्या नोकरीच्या. त्या एका सकाळबद्दल मात्र चकार शब्द नाही. ताईनंही विचारलं नव्हतं. एका रविवारी दोघी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवऱ्याचा एक शर्ट चुकून त्यात आला होता. आईंनी तो हातात धरला आणि एकदम बोलायला लागल्या, जणू मधेच थांबलेलं बोलणं पुढे चालू करताहेत.

त्यांनी सांगितलं, शेजारी अँब्युलन्सला फोन लावत होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तो सारखा तुला विचारत होता. मी तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. परत लावला. परत नाही.

“मग मी तशीच बोलले,” आई म्हणाल्या. “फोन कानाला लावून. हो गं, लवकर ये, हो, निघालीस ना, रिक्षा मिळाली का. त्याला ऐकू जावं म्हणून. पलीकडे नुसती वाजत होती घंटी.”

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली.

“त्याला वाटलं का खरं?” तिनं विचारलं.

“वाटलं असावं. म्हणाला, सावकाश ये म्हणावं.”

आईंनी शर्ट घडी घालून बाजूला ठेवला आणि पुढचा कपडा घेतला. तुझी चूक काढत नाही मी, म्हणाल्या. कामाच्या जागी कामाचे नियम असतात. पण इतके दिवस एकटीनं धरून ठेवलं होतं, आता हात भरून आले. जगभरच्या वाक्यांचा तिनं धडा लिहिला होता, त्यातलं एकही तोंडात येईना. तिनं समोरचे उरलेले कपडे आपल्याकडे ओढले आणि घड्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. पुन्हा दोनच प्रश्न. सगळे जागेवर गेल्यावर ताई कप्तानाच्या टेबलाशी गेली आणि तिनं सरळच विचारलं, मला तिसरा प्रश्न का विचारत नाहीस? तो तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, एरवी फाडफाड बोलणारा. त्यानं आधी काहीतरी सारवासारव केली, तुमच्यावर दडपण नको वगैरे. मग त्यानं दाराकडे बोट केलं.

“तो ट्रे मी ठेवला होता,” तो म्हणाला.

ताईनं दाराकडे पाहिलं. ट्रे तिथे नव्हता. कधीपासून नव्हता हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यांचे फोन हल्ली टेबलावर असायचे.

तो म्हणाला, मी रोज हिशेब करतो, तुम्ही फोन वेळेवर घेतला असता तर काय झालं असतं. हे विचारायचं धाडस झालं नाही. तो धडा कितीदा वाचला, त्यात याचं काही उत्तर नाही.

ताईनं त्याला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं. इतके महिने तो ते एकटाच घेऊन फिरत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटल्यासारखा झाला. तिथं थांबता आलं असतं. पण त्यानंच विचारलं, “म्हणजे काहीच फरक पडला नसता?”

ताई खोटं बोलू शकली असती. आदल्या रात्रीपासून आईंचा तो आवाज तिच्या कानात होता, हो गं, लवकर ये.

“त्याला पडला नसता,” ती म्हणाली. “आईंना पडला असता. त्या एकट्या होत्या.”

कप्तानानं मान हलवली. माफ करा म्हणाला नाही, आणि ते बरं झालं, कारण मग तिला ठीक आहे म्हणावं लागलं असतं आणि ते ठीक नव्हतं. मग त्यानं खाली बघत विचारलं, “कुठे अडलंय, ताई?”

ती म्हणाली, “घरी. आई अजून तिघांचा स्वयंपाक करतात. उरलेलं मी त्यांच्या नकळत डब्यात भरून इथे आणते.”

“तो डबा तुम्ही लांबूला देता.”

“हो.”

दुसऱ्या दिवसापासून कप्तानानं तिची अवघड कार्डं तिला परत दिली, आणि मीटिंगमध्ये तिन्ही प्रश्न विचारू लागला. कधी ती कामाचं सांगायची, कधी म्हणायची आज सगळीकडेच अडलंय. तो ऐकून घ्यायचा आणि पुढे जायचा.

धडा शेवटी असा झाला. सुरुवातीला चार माणसांचे आवाज: रोखपालाचा, शाखेच्या बाईंचा, हिशेबनिसांचा, आणि एक ताईचा. चौघं चार वेगवेगळ्या गोष्टी मागताहेत, एकाला हवं ते दुसऱ्याला सहन होत नाही. मग बरोबर-चूक काहीच नाही. आपल्या ओळखीच्या एका दुःखी माणसाची आठवण करा, त्याला यातलं काय चालेल याचा विचार करा, एवढंच. चित्रकार मुलीनं चेहरे काढलेच नाहीत, नुसत्या चार रिकाम्या खुर्च्या काढल्या, प्रत्येक वेगळी. ज्यांनी ज्यांनी करून पाहिला ते संपल्यावर थोडा वेळ उठले नाहीत. शाखेच्या बाई जाताना ताईचा हात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाचं नाव काय, हे तिनं विचारलं. त्यांनी सांगितलं.

एचआर बाईंना धडा मनापासून आवडला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, फार सुंदर, पण गुण कुठे आहेत? बरोबर उत्तराशिवाय त्यांच्या सिस्टिममध्ये नावापुढे ‘पूर्ण’ येत नव्हतं, आणि ‘पूर्ण’ आल्याशिवाय वरच्या साहेबांना दाखवायला काही नव्हतं. कप्तान दोन तास भांडला. ताईनं त्याला असं भांडताना कधी पाहिलं नव्हतं. पण वर्ष संपत आलं होतं, मुदत संपली होती. शेवटी जुना प्रश्न परत आला. टेबलाशी बसलेला माणूस, चार वाक्यं, हिरवी खूण, टुणकन आवाज. आवाजांचा भाग तसाच राहिला, फक्त तो सोडून पुढे जाता येईल अशी सोय एचआर बाईंनी मागितली.

धडा हजारो लोकांनी केला. अभिनंदनाची मेल आली. लांबूनं आकडे काढून पाहिले आणि ताईला दाखवावेत की नाही या विचारात दोन दिवस काढले. बहुतेकांनी आवाज ऐकलेच नव्हते, थेट प्रश्नावर गेले होते. आणि जवळजवळ सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं होतं. ताईनं आकडे पाहिले. ज्यांनी ऐकले ते किती, असं तिनं विचारलं. लांबूनं सांगितलं. थोडे होते, पण अगदीच नव्हते असं नाही. बरं, ती म्हणाली. कप्तानानं भिंतीवरची कार्डं उतरवली आणि दुसऱ्या आठवड्यात गोदामातल्या ट्रॉल्या कशा चालवाव्यात याचं काम सुरू झालं.

त्याच सुमाराला नणंद पुन्हा आली. आईला घेऊन जाते म्हणाली. ताईला वाटलं आई नको म्हणतील. पण आईंचं ठरलेलं होतं, त्यांनीच मुलीला बोलावून घेतलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना त्या ताईला म्हणाल्या, “तुझ्यावर रागावून जात नाही. या घरात प्रत्येक दाराशी तो उभा असतो. तुला तो हवासा वाटतो तिथे. मला सोसत नाही.”

ताईनं विचारलं, मी पण येऊ का?

“तुझं काम इथे आहे. आणि तू आलीस की तूही दाराशी उभी राहशील, त्याच्यासारखी.” असं म्हणून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. पूर्वी त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

ताई त्यांना स्टेशनवर सोडायला गेली. गाडी यायला वेळ होता. नणंद पाण्याच्या बाटल्या आणायला गेली तेवढ्यात दोघी बाकावर शेजारी बसल्या. मग आईंनी गुडघ्याची गोळी रात्री घ्यायची की सकाळी, ते विचारलं, आणि ताईनं सांगितलं. गाडी आली. सामान चढवलं. आई खिडकीशी बसल्या, त्यांनी हात हलवला, आणि गाडी हलली.

तिनं कप्तानाला फोन करून सांगितलं की आज येत नाही. तो बरं म्हणाला. घरी येऊन तिनं आईंच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. पलंगावरची चादर धुवायला काढली. उशीचा अभ्रा काढताना आईंच्या तेलाचा वास आला. ती तिथंच, उघड्या गादीवर बसली आणि रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती, कारण घरात कुणीतरी ऐकणारं होतं. आता मोठ्यानं रडली, आवाज न दाबता, नवऱ्यासाठी आणि आईंसाठी, कुठलं कुणासाठी ते तिलाही वेगळं करता आलं नाही. खाली रस्त्यावर मुलं शाळेतून परत येत होती. त्यांचा गलबला वर येऊन विरून गेला, तरी ती बसूनच होती. संध्याकाळी नणंदेचा फोन आला, पोचलो म्हणून. ताईनं डोळे पुसले, घसा खाकरला आणि आईंना फोन दे म्हणाली.